नव्या मॉनिटरवरचा तो एक ठिपका: तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या वेळी म्हटलं होतं की स्क्रीनबद्दल काहीही विचारा. मला वाटलं लोक विचारतील केवढा घेऊ, कुठला घेऊ, डोळ्यांना कुठला बरा. कसलं काय! निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची, नवाकोरा मॉनिटर आणि त्यावर एक ठिपका. काहींची भाषा तर अशी की घरात कुणी आजारी पडलंय. मी हसत नाहीये बरं का, मी पण त्यातून गेलेय, ते पुढे येईलच. सगळी पत्रं छापणं शक्य नाही म्हणून सारखी सारखी बाजूला ठेवून ही निवडलीत.

प्रश्न: ताई, महिनाभर रिव्ह्यू वाचून वाचून 27 इंची मॉनिटर घेतला. जोडला, चालू केला, सगळं झकास. चौथ्या दिवशी मोठी एक्सेल शीट उघडली तर जवळपास मधोमध एक काळा ठिपका. धूळ असेल म्हणून पुसलं, जात नाही. आता काहीही उघडलं की नजर आधी तिथेच. कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणे एक पिक्सेल गेला तर तो दोष धरत नाहीत. असं खरंच असतं का? काय करू?
– डोळ्यात कुसळ गेलेला

उत्तर: सगळ्यात आधी बिल काढा आणि तारीख बघा. ठिपका नंतर बघू, तो कुठे पळून जात नाही, तारीख मात्र जाते.

रिटर्नची मुदत आणि वॉरंटी ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक लोक नेमके इथेच गंडतात. रिटर्न किंवा रिप्लेसमेंट हा तुमचा आणि विकणाऱ्याचा मामला, मोजके दिवस असतो, आणि त्या दिवसांत 'माल सदोष आला' एवढं म्हणणं बऱ्याचदा पुरतं. वॉरंटी हा तुमचा आणि कंपनीचा मामला, ती वर्षावर वर्षं असते पण तिथे पिक्सेलचे, म्हणजे स्क्रीन ज्या बारीक ठिपक्यांची बनलेली असते त्यांचे, वेगळे नियम लावलेले असतात, किती ठिपके, कुठल्या जातीचे, किती जवळजवळ, असं सगळं. तुम्ही फोन केला कंपनीला, आणि तो माणूस तुमच्याशी वॉरंटीच्या भाषेत बोलला. तो खोटं बोलला नाही, पण तुम्ही चुकीच्या दारावर टकटक केलीत. चौथाच दिवस आहे ना, मग आधी विकणाऱ्याच्या अटी नीट वाचा, मुदत शिल्लक असेल तर आजच रिक्वेस्ट टाका, उद्या नको.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी असाच मॉनिटर घेतला, खोकं जागा अडवतं म्हणून दुसऱ्याच दिवशी फाडून टाकलं, आतला थर्माकोल पण टाकला. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पानावर टाइप करताना उजवीकडे वरच्या बाजूला ठिपका दिसला. मुदत संपलेली, खोकं नाही, आणि कंपनीच्या पॉलिसीत एक काळा ठिपका बसत नाही. तीन फोन, पाच ईमेल, आणि शेवटी एक फार गोड उत्तर आलं की आम्हाला तुमची अडचण समजते. तो मॉनिटर अजून माझ्याकडेच आहे, हे त्याच्यावरच लिहितेय. म्हणून मी सगळ्यांना सांगते की नवा मॉनिटर आला की पहिल्या संध्याकाळीच पंधरा मिनिटं काढून नीट तपासा, आणि मुदत संपेपर्यंत खोकं, थर्माकोल, वायरीची पिशवी, सगळं जपून ठेवा, माळ्यावर ठेवा, पलंगाखाली ठेवा, कुठेही ठेवा.

तपासायचं कसं? मऊ कोरड्या कापडाने स्क्रीन पुसा. मग काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं अशी पाच साधी चित्रं फुल स्क्रीन करा, एकेका रंगावर थांबून डावीकडून उजवीकडे, वरून खाली, वाचल्यासारखी नजर फिरवा. काळ्यावर बघताना खोलीत अंधार करा, पांढऱ्यावर बघताना ब्राइटनेस थोडा कमी करा नाहीतर डोळे दिपतात आणि काळा ठिपका सुटतो.

पाच रंग का, एकटं पांढरं का नाही, तर प्रत्येक पिक्सेल म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन तुकडे असतात, त्यांना सबपिक्सेल म्हणतात, आणि बऱ्याचदा पूर्ण पिक्सेल जात नाही, त्यातला एक तुकडा जातो. समजा लाल तुकडा मेला. मग पांढऱ्या पडद्यावर तिथे निळसर हिरवा ठिपका दिसेल, कारण हिरवा आणि निळा अजून जळतायत, लाल पडद्यावर तोच ठिपका काळाकुट्ट दिसेल, आणि हिरव्या किंवा निळ्या पडद्यावर काहीच दिसणार नाही, सगळं नॉर्मल. एकाच रंगावर बघणारा माणूस म्हणूनच फसतो.

आणि धूळ आहे की पिक्सेल हे ओळखायला डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवा. पिक्सेल जागचा हलत नाही, त्याच्या कडा धारदार असतात. वरची धूळ पुसली की जाते. आतली धूळ, म्हणजे पॅनलच्या मागे बॅकलाइटच्या (मागून उजेड देणाऱ्या दिव्याच्या) थरात अडकलेली, ती राखाडी, कडा पुसट असलेली दिसते, आणि डोकं हलवलं की आजूबाजूच्या अक्षरांच्या मानाने किंचित सरकल्यासारखी वाटते. तुमच्या 27 इंची मॉनिटरचं रिझोल्यूशन 2560 बाय 1440 असेल तर एक पिक्सेल साधारण 0.23 मिलिमीटरचा असतो, मिठाच्या बारीक कणाएवढा. तुमचा ठिपका त्याहून बराच मोठा आणि वेडावाकडा असेल तर तो पिक्सेल नाही, दुसरं काहीतरी आहे, आणि तुमच्या दृष्टीने ती चांगली बातमी, कारण मग पिक्सेलची पॉलिसी लागू होत नाही, सरळ सदोष माल.

प्रश्न: मी कस्टमर केअरला ठिपक्याचे स्क्रीनशॉट काढून पाठवले, तीनदा पाठवले, लाल वर्तुळ करून पाठवले. ते म्हणतात आम्हाला काहीच दिसत नाही. मुद्दाम करतायत का?

उत्तर: अहो नाही, बिचारे खरं बोलतायत. स्क्रीनशॉट कॉम्प्युटरच्या मेमरीतून निघतो, मॉनिटरवर काय दिसतंय ते त्याला माहीतच नसतं. तुम्ही पाठवलेल्या चित्रात ठिपका नाहीच, तुम्हाला दिसतोय कारण ते चित्र तुम्ही त्याच मॉनिटरवर उघडताय. चित्र खिडकीत उघडून खिडकी जरा सरकवा, ठिपका वर्तुळातून बाहेर येईल.

पण ह्यातून एक उपयोगाची गोष्ट मिळते. उद्या कधी ठिपका स्क्रीनशॉटमध्ये आला, दुसऱ्याच्या स्क्रीनवरही दिसला, तर मॉनिटर निर्दोष आहे, गडबड ग्राफिक्स कार्डाची किंवा सॉफ्टवेअरची.

फोटो मोबाइलनेच काढावा लागतो. अगदी जवळ नेलात तर स्क्रीनवर इंद्रधनुष्यासारख्या लाटा येतात, म्हणून जरा मागे येऊन झूम करा, फोकस ठिपक्यावर लॉक करा, आणि पेनाचं टोक शेजारी धरा, म्हणजे आकार कळतो. एक फोटो पूर्ण स्क्रीनचा, ठिपका कुठे आहे ते कळेल असा, एक जवळचा, आणि एक मागच्या स्टिकरचा ज्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर असतो. ह्या तिघांना मिळून कुणी 'दिसत नाही' म्हणू शकत नाही.

प्रश्न: माझा ठिपका चालतो. चेष्टा नाही. सकाळी डावीकडे होता, दुपारी मधे आला. बायको म्हणते तुमचे डोळे तपासा.
– शपथेवर सांगतोय

उत्तर: डोळे ठीक आहेत, तुमच्या मॉनिटरमध्ये पाहुणा आलाय! उजेडाला ओढले जाणारे अगदी बारीक किडे, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे, मागच्या हवेच्या फटीतून किंवा कडेच्या चिरेतून आत शिरतात आणि बॅकलाइट आणि पॅनलच्या मध्ये फिरत बसतात.

एकच गोष्ट सांगते, काहीही झालं तरी बोटाने दाबू नका. माणसाचा हात आपोआप जातो, स्क्रीनवर किडा दिसला की चिरडायला. तिथे चिरडला की तो तिथेच चिकटला, कायमचा, आणि डेड पिक्सेल परवडला पण हे नको, कारण ह्याला पाय पण दिसतात. मॉनिटर पूर्ण बंद करा, खोलीत अंधार करा, मॉनिटरच्या कडेला एक टेबल लॅम्प लावून ठेवा आणि झोपायला जा. उजेडाच्या मागे आला तसा उजेडाच्या मागे बाहेर जातो, बहुतेक वेळा. एक-दोन रात्री लागतील. आत मेलाच तर मागून, स्क्रीनवर नाही, मागच्या प्लास्टिकवर हलक्या टिचक्या मारून बघा, कधी कधी खाली कडेला पडतो आणि नजरेआड होतो.

प्रश्न: माझ्याकडे काळा नाही, लालभडक ठिपका आहे, काळ्या बॅकग्राउंडवर तर दिवा लावल्यासारखा. व्हिडिओत बघितलं की कापड गुंडाळलेल्या पेनाने दाबत राहिलं की ठीक होतो, दुसऱ्या व्हिडिओत एक वेबसाइट दाखवली जी रंग चमकवते. दोन्ही करून बघू का?

उत्तर: दोन्ही नको, एक करा.

आधी फरक समजून घ्या, सगळे ठिपके एका जातीचे नसतात. कायम काळा तो डेड पिक्सेल. कायम लाल, हिरवा, निळा किंवा ह्यांच्या मिश्रणाचा रंग धरून बसलेला तो स्टक पिक्सेल, म्हणजे अडकलेला. कायम पांढरा जळत राहिलेला, त्याला हॉट पिक्सेल म्हणतात. एलसीडीत मागे बॅकलाइट सतत चालू असतो, पुढे प्रत्येक सबपिक्सेलला एक बारीकसा ट्रान्झिस्टर असतो, तो व्होल्टेज देतो तसा द्रवस्फटिक वळतो आणि उजेड पुढे सोडतो किंवा अडवतो. आयपीएस आणि व्हीए ह्या जातींच्या पॅनलात व्होल्टेज नसलं की उजेड अडतो, म्हणजे ट्रान्झिस्टर मेला की ठिपका काळा. जुन्या टीएन पॅनलात उलटं, व्होल्टेज नसलं की उजेड सरळ आरपार, म्हणून तिथे मेलेला ट्रान्झिस्टर उजळ दिसतो. नावावरून गोंधळ होतो तो ह्यामुळेच.

तुमचा लाल आहे म्हणजे अडकलेला आहे आणि अडकलेला कधी कधी सुटतो. रंग चमकवणारी जी साधनं आहेत, जेस्क्रीनफिक्स त्यातलं एक, ती ब्राउझरमध्येच चालतात, एक छोटा चौकोन दिसतो ज्यात रंग सेकंदाला कित्येकदा बदलतात, तो चौकोन ओढून ठिपक्यावर ठेवायचा आणि सोडून द्यायचा. दहा मिनिटांत सुटला तर सुटला, नाही तर दोन-तीन तास चालू ठेवून बघा. त्या चौकोनाकडे टक लावून बसू नका, आणि घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर त्या खोलीत हे करूच नका, असा वेगाने चमकणारा उजेड त्यांना खरंच धोक्याचा असतो. कधी काही न करता मॉनिटर बंद ठेवून, प्लग काढून, दुसऱ्या दिवशी लावल्यावरही ठिपका गेलेला असतो. आणि कधी आठवड्याने परत येतो. काळा डेड पिक्सेल मात्र अशाने उठत नाही, तिथे वेळ घालवू नका.

आता दाबणं. हे करून कुणाचा ठिपका गेला नाही असं मी म्हणणार नाही, गेलेत. पण पॅनलमध्ये दोन काचांच्या मधला द्रवस्फटिकाचा थर जेमतेम 3 ते 5 मायक्रोमीटरचा असतो, केसाच्या जाडीच्या पण कितीतरी कमी, आणि त्यावर तुम्ही पेनाचं टोक दाबणार. थोडं जास्त झालं की तिथे ढगासारखा डाग उठतो नाहीतर एकाचे चार ठिपके होतात. त्याहून वाईट म्हणजे दाबल्याची खूण दिसली की कंपनी म्हणते ग्राहकाने नुकसान केलं, आणि असलेली वॉरंटी पण गेली. वॉरंटी संपलेला, कोपऱ्यात पडलेला जुना मॉनिटर असेल तर करा हौस. नव्यावर अजिबात नाही.

आणि तुम्ही लाल असल्याचं दुःख करताय, पण उजळ ठिपक्याला कंपन्या काळ्यापेक्षा जास्त गांभीर्याने घेतात. काहींच्या वरच्या मॉडेलांवर तर एक उजळ पिक्सेल निघाला तरी पॅनल बदलून देतात, डेलची प्रीमियम पॅनल एक्सचेंज नावाची योजना त्यासाठीच आहे. तुमच्या मॉडेलची पिक्सेल पॉलिसी शोधा, सपोर्टच्या पानावर कुठेतरी खोल पुरलेली असते, पण असते.

प्रश्न: तुमची उत्तरं वाचून राग येतो. शर्टाला भोक असेल तर आपण घेतो का? पुस्तकात पान कोरं निघालं तर दुकानदार बदलून देतो. पैसे पूर्ण घ्यायचे आणि माल अपुरा द्यायचा, वर म्हणायचं नियमात बसतं. कुणाचा नियम?

उत्तर: रागावलाच आहात म्हटल्यावर आकडे सांगते, मग ठरवा.

साध्या फुल एचडी स्क्रीनवर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 पिक्सेल. प्रत्येकाचे तीन तुकडे, म्हणजे 62,20,800 सबपिक्सेल आणि तेवढेच ट्रान्झिस्टर. 4के घेतलात तर 82,94,400 पिक्सेल आणि 2,48,83,200 सबपिक्सेल. आता समजा कारखाना इतका भारी आहे की दर एक कोटीत एकच तुकडा बिघडतो. तरीसुद्धा प्रत्येक 4के स्क्रीनवर सरासरी अडीच बिघडलेले निघतील. म्हणजे तुमच्या-माझ्याकडे जे स्वच्छ मॉनिटर येतात ते एक कोटीत एक ह्याच्या पण पुढचं काम आहे.

हे सगळं एका मोठ्या काचेवर घडतं, त्याला मदर ग्लास म्हणतात, साडेआठव्या पिढीची काच साधारण 2200 बाय 2500 मिलिमीटरची, घरातल्या दारापेक्षा कितीतरी मोठी. तिच्यावर एकाच वेळी अनेक पॅनल छापतात आणि मग कापतात. धुळीचा एक कण चुकीच्या जागी बसला की तिथला ट्रान्झिस्टर गेला. मोबाइलच्या छोट्या पॅनलात ठिपका निघाला तर ते फेकून देणं परवडतं, 32 इंची फेकायचं म्हणजे काचेचा मोठा तुकडा गेला. म्हणून मोठ्यांना सवलत. कारखान्यात तर उजळ अडकलेला पिक्सेल लेझरने जाळून मुद्दाम काळा करतात, कारण काळा कमी खुपतो. तुमचा काळा ठिपका कदाचित असा दुरुस्त करून पाठवलेला असेल!

नियम कुणाचा, तर आयएसओचा, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा. 2001 साली 13406-2 नावाचं मानक आलं, त्यात स्क्रीनचे चार वर्ग केले. पहिल्या वर्गात शून्य दोष. दुसऱ्या वर्गात, आणि बहुतेक कंपन्या ह्याच वर्गाचं नाव घेत आल्या, दर दहा लाख पिक्सेलमागे 2 कायम उजळ, 2 कायम काळे आणि 5 बिघडलेले सबपिक्सेल चालतात. फुल एचडीला हिशोब लावा, साधारण 4 उजळ, 4 काळे, 10 सबपिक्सेल, आणि तरी मॉनिटर 'निर्दोष'. 2008 मध्ये त्याची जागा 9241 मालिकेने घेतली, 9241-307 हा त्यातला भाग. तिथे शून्य दोषांच्या वर्गाचं नाव शून्य वर्ग झालं, म्हणजे पहिला वर्ग लिहिलेला बघून हुरळून जाऊ नका, नव्या हिशोबात पहिला म्हणजे निखळ स्वच्छ नव्हे.

आता माझं मत. शर्टाचं उदाहरण मला पूर्ण पटत नाही, शर्टात अडीच कोटी टाके नसतात. पण तुमच्या रागाचा दुसरा अर्धा भाग मला शंभर टक्के पटतो. ही पॉलिसी खोक्यावर छापलेली नसते. रंग किती, हर्ट्झ किती, सगळं मोठ्या अक्षरात, आणि 'ह्यात चार-पाच ठिपके निघाले तर आमची जबाबदारी नाही' हे कुठेच नाही. ते जर बाहेर छापलं तर मी एक शब्द बोलणार नाही. ज्याला चालेल तो घेईल, ज्याला नको तो दोन पैसे जास्त देऊन शून्याची हमी असलेला घेईल.

प्रश्न: वरपासून खालपर्यंत एक सरळ बारीक हिरवी रेघ आली आहे. एवढे पिक्सेल एकदम मेले का?

उत्तर: नाही, पिक्सेल ठणठणीत आहेत, त्यांच्यापर्यंत सिग्नल पोचत नाहीये. पूर्ण रांग गेली म्हणजे कडेची पट्टी किंवा तिच्यावरची ड्रायव्हर चिप सुटलीये. आधी केबल बदला, दुसरा कॉम्प्युटर लावून बघा, मग मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा, रेघ मेनूवरूनही जात असेल तर दोष मॉनिटरमध्येच. हा पिक्सेलच्या पॉलिसीत येत नाही, सरळ वॉरंटीचा दोष आहे, आणि फोनवर 'डेड पिक्सेल' हा शब्दच काढू नका, नाहीतर समोरचा पाठ केलेलं उत्तर वाचायला लागेल.

प्रश्न: ओएलईडी मॉनिटर घेतलाय, डाव्या कडेला एक पिक्सेल जळत नाही. रंग चमकवणारं ते साधन रात्रभर लावू का? आणि मेनूत पिक्सेल रिफ्रेश नावाचं काहीतरी आहे, त्याने होईल का?

उत्तर: रात्रभर नका लावू. ओएलईडीत बॅकलाइट नसतो, प्रत्येक सबपिक्सेल स्वतःच जळतो आणि जळता जळता झिजतो. तुम्ही एका चौकोनात रात्रभर रंग नाचवले तर तो भाग बाकीच्यापेक्षा जास्त झिजेल, मेलेला उठणार नाही तो नाहीच. पिक्सेल रिफ्रेश हे असमान झिजेसाठी आणि मागे राहिलेल्या सावल्यांसाठी आहे, सुरू झालं की मधेच प्लग ओढू नका, पण मेलेल्या पिक्सेलला ते औषध नाही. तुमचा मार्ग एकच, रिटर्न किंवा वॉरंटी. वॉरंटीत बर्न-इन (कायमची उमटून राहिलेली सावली) वेगळं आणि पिक्सेल वेगळे लिहिलेले असतात, दोन्ही वाचा.

प्रश्न: ताई, मी अकरावीत आहे. बाबांच्या कॅमेऱ्याने रात्रीचे फोटो काढले, सगळ्यांत एकाच जागी लाल ठिपका आहे. मॉनिटर खराब आहे का कॅमेरा?

उत्तर: फोटो मोबाइलवर उघडून बघ. तिथेही दिसला, आणि झूम केल्यावर फोटोबरोबर मोठा झाला, तर कॅमेरा. सेन्सरवर पण पिक्सेल असतात आणि त्यातले काही लांब एक्सपोजरमध्ये, सेन्सर तापला की, आपोआप उजळतात, त्यांना पण हॉट पिक्सेलच म्हणतात. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत पिक्सेल मॅपिंग असतं, ते चालवलं की कॅमेरा तो पिक्सेल वगळून शेजारच्यांवरून रंग भरतो. मॉनिटरला अशी सोय नाही, तुझा कॅमेरा नशीबवान. बाबांना विचारून मगच मेनूत शिर.

प्रश्न: हे पत्र मी लिहितेय कारण नवरा लिहिणार नाही. नव्या मॉनिटरवर एक ठिपका आहे, खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ. परत करायची मुदत होती तेव्हा ह्यांनीच म्हटलं जाऊ दे, एवढ्याशासाठी कोण पॅक करणार. आता मुदत गेली आणि हे रोज रात्री पाचही रंग लावून तपासतात, नवीन ठिपका आला का म्हणून. काल भिंग घेऊन बसले होते. काहीतरी सांगा त्यांना.
– वैतागलेली

उत्तर: वहिनी, तुमच्या घरातलं दृश्य माझ्या डोळ्यासमोर आलं, कारण सहा महिने मी हेच करत होते, भिंगासकट.

त्यांना सांगा की जे ठिपके असतात ते बहुतेक पहिल्यापासूनच असतात किंवा पहिल्या काही दिवसांत दिसतात, रोज रात्री राखण केली म्हणून नवीन यायचे थांबत नाहीत आणि नाही केली म्हणून वाढत नाहीत. कंपनीच्या पॉलिसीत किती चालतात तो आकडा एकदा कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवा. त्याच्या वर गेले तर फोन, नाहीतर नाही.

बाकी थोडी लबाडी करता येते. ठिपका काळा असेल तर डार्क थीम लावा, काळ्यात काळा मिसळून जातो. उजळ असेल तर उलटं, लाइट थीम. खालचा उजवा कोपरा म्हणताय ना, मग तिथे तसाही टास्कबार आणि घड्याळ असतं, ठिपका थोडा वर असेल तर टास्कबारची उंची वाढवून बघा, सगळ्या सिस्टिमवर जमत नाही पण जमलं तर काम झालं. तेही नाही तर डेस्कटॉपचं एखादं आयकॉन नेमकं त्यावर ठेवा. माझ्या ठिपक्यावर मी रिसायकल बिन ठेवलाय. पूर्ण झाकला जात नाही, पण आता तो मला कचऱ्याचा भाग वाटतो.

आणि भिंग काढून घेऊ नका, उलट त्यांना म्हणा पांढऱ्या पडद्यावर धरून बघा. भिंगाखाली पांढरा कुठेच नसतो, नुसत्या लाल, हिरव्या, निळ्या उभ्या काड्या, एकमेकींना चिकटून, लाखोंनी. माझा पहिल्यांदा बघताना अर्धा तास गेला होता आणि ठिपका शोधायचा राहूनच गेला.